फक्त नेक्स्ट-नेक्स्ट करायचं

कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम टाकणं सोपं असतं, असं मला आजवर ज्या ज्या माणसानं सांगितलं त्याला दोन चांगले डोळे होते. "काही नाही हो, फक्त नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं." हे वाक्य मी रायपुरात मराठीत ऐकलंय, हिंदीत ऐकलंय, छत्तीसगढीतही ऐकलंय. तिन्ही भाषांत त्याचा अर्थ एकच होता: मी काही वाचलेलं नाही, तुम्हीही वाचू नका.

मला दिसत नाही. तिशीत रातांधळेपणानं सुरुवात झाली, पुढे उजेड-अंधार तेवढा कळायचा, मग तोही गेला. ऑफिसनं फायलींच्या टेबलावरून उठवून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसवलं आणि तिथूनच मी रिटायर झालो. यावर कोणी हळहळू नये. हळहळणारे मला नेक्स्ट-नेक्स्टवाल्यांहून जास्त छळतात.

सांगायचं ते मशीनबद्दल. माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. फोनही बोलतो, पण गुळगुळीत काचेवर बोट घासत पानभर मजकूर लिहून दाखवावा कोणीतरी. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन अक्षरांवर बारीक उंचवटे असतात. त्यांवर बोटं टेकली की मी कुठे आहे ते मला कळतं, आणि मग मी कोणाचं ऐकत नाही. हे मशीन घरात येण्याआधी माझं सगळं वाचायची ती बायको. बँकेचं पत्र आधी तिला कळायचं, मग मला. त्यातलंही तिच्या मते मला कळायला हवं तेवढंच. मशीन आलं आणि माझं टपाल माझं झालं. तात्यापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सुख होतं, हे मी बायकोला कधी सांगितलं नाही, पण तिला ठाऊक असावं.

तर त्या मशीनचं विंडोज म्हातारं झालं. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, पण ज्यांनी ते विंडोज केलं त्यांनी जाहीर केलं की आता याच्याकडे आम्ही लक्ष देणार नाही. नवं घ्या. बरं, नवं टाकावं तर ते म्हणे तुमचं मशीन लायक नाही. मग बँकेची साईट उघडेना. मग बोलणारा प्रोग्राम मधेच मुका व्हायला लागला. याच सुमारास नागपूरहून मुलीचा फोन आला की तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत, पण तिच्या डॉक्टरनं प्रवासाला मनाई केली, म्हणून माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे माझी बायको.

ती काही निघेना. सातवा महिना लागला तरी तिची बॅग पलंगाखालीच.

"काहून थांबली आहेस तू?" मी विचारायचो.

"आधी तुमचं मशीन सुधरू द्या. मी गेली आन् ते बंद पडलं तर तुमाले वाचून कोण देईन?"

माझ्या मशीनपायी पोरगी तिकडे एकटी, ही गोष्ट मला टोचायला लागली. तेव्हा मशीन सुधारायचं, आणि असं सुधारायचं की पुन्हा बिघडलं तरी मला कोणाचं तोंड बघावं लागू नये. तोंड बघण्याची माझी सोय नाही, तरीही.

पहिला सल्ला जावयाचा. तो दिवाळीला आपला मॅक घेऊन आला होता. हल्लीची पोरं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, तसा हा. म्हणाला, "बाबा, इसमें इन्स्टॉल का झंझट ही नहीं है. सब पहले से रहता है." मी हात लावून पाहिला. खरं सांगायचं तर ते मशीन बोलतं चांगलं. त्यात सिस्टीम पुन्हा टाकायची वेळ आली तर एक बटण दाबलं की तेव्हाही बोलतं, असं त्यानं करून दाखवलं आणि मला मनातल्या मनात हेवा वाटला. पण इन्स्टॉल करावंच लागत नाही म्हणून इन्स्टॉल करणं सोपं, हा कुठला न्याय? हे म्हणजे डबा लावला आणि म्हणायचं, स्वयंपाक फार सोपा आहे. शिवाय ती सिस्टीम त्याच कंपनीच्या मशीनवर चालते, माझ्या मशीनला ती दारातही उभी करणार नाही. जावई गेला, मॅक गेला, आणि जाताना तो बायकोला सांगून गेला की बाबांना एक घेऊन टाका. घेऊन टाका म्हणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग आम्ही ई-रिक्षानं बूढ़ापाऱ्यात गेलो. तिथे गल्लीत एक दुकान आहे. दुकानाचा मालक पन्नाशीचा, सगळ्यांचा भैया. त्या भागातलं एकही कॉम्प्युटर त्याच्या हाताखालून गेलेलं नाही असं नाही. तो विंडोज टाकत नाही, विंडोज मारतो. "छोड़ जाओ अंकल, शाम तक विंडो मार दूँगा." माझं जुनं मशीन ठेवून घेऊन त्यानं एक जरा नवं, कोणाचं तरी वापरलेलं मशीन दिलं आणि त्यात नवं विंडोज मारलं. मी म्हटलं, मारताना मी बाजूला बसतो, काय काय विचारतं ते मला सांगा. तो हसला. "कुछ नहीं पूछता अंकल. नेक्स्ट-नेक्स्ट है सब."

घरी येऊन मशीन सुरू केलं. प्रोग्राम बोलला, वेलकम, आणि पुढे माझं नाव यायच्या जागी भैयाच्या दुकानाचं नाव. मी म्हटलं, असेल. दोन दिवसांनी मी डेस्कटॉपवर बाणानं एकेक फाईल ऐकत होतो. माझ्या तीन-चार फायली ऐकू आल्या आणि मग प्रोग्राम थांबेचना. सगाई फायनल. सगाई फायनल टू. सोनोग्राफी रिपोर्ट. ढाबा मेनू न्यू. मी बायकोला हाक मारली.

"कोणाची तरी सगाई आहे," ती म्हणाली. "गुलाबी गुलाबी दिसून राहिलं सगळं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बूढ़ापारा. भैयाला अजिबात ओशाळल्यासारखं झालं नाही. नवं विंडोज टाकताना ते अकाउंट मागतं, मेल आणि पासवर्ड, त्याशिवाय पुढे सरकत नाही. लोक पासवर्ड विसरतात आणि भैयाच्या डोक्याला ताप. म्हणून त्यानं इलाज काढला होता. "मैंने सबका एक ही रखा है अंकल. दुकान का. कोई भूले तो मुझसे पूछ ले." त्याला वाटत होतं त्यानं समाजसेवा केली. विंडोजला वाटत होतं की बूढ़ापाऱ्यातली ही सगळी मशीनं एकाच माणसाची आहेत, आणि एका मशीनवर ठेवलेलं त्याच माणसाच्या दुसऱ्या मशीनवरही दिसावं म्हणून ते मनोभावे सगळ्यांचं सगळ्यांना पोचवत होतं. कोणाची सगाई ढाब्यावर, ढाब्याचा मेनू सोनोग्राफीवाल्यांकडे.

"म्हणजे माझंही बाहेर गेलं?" मी विचारलं.

"हव," त्यानं होकार भरला, आणि मग त्याला काहीतरी आठवलं. "अच्छा, वो आपका था? एक कस्टमर आए थे, बोले कंप्यूटर में मराठी आ गई है. मैं समझा वायरस है. उनका पूरा फॉरमेट मार दिया."

मी हसलो नाही. आज हसतो, तेव्हा नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझे कागद माझे झाले होते आणि या माणसानं ते गल्लीभर वाटले होते, तेही पासवर्ड लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. ती माझ्यावर इतकी तंतोतंत बसेल असं वाटलं नव्हतं. तिथे दुकानातच मी ठरवलं की आता आपला हात जगन्नाथ. जो सिस्टीम बसवतो तोच मालक असतो, बाकीचे भाडेकरू.

बिलासपूरला माझा एक मित्र आहे, माझ्यासारखाच बिनडोळ्यांचा. त्यानं येणाऱ्याच्या हाती दोन पेनड्राइव्ह पाठवले, एकात विंडोज, एकात लिनक्स नावाची दुसरी, फुकटची सिस्टीम. हा मित्र लिनक्सवाला. लिनक्सवाले हा एक वेगळाच पंथ आहे. यांनी एक गोष्ट शिकायला तीन वर्षं घालवलेली असतात आणि तुम्हाला ती तीन मिनिटांत आली नाही की त्यांना तुमच्या बुद्धीची कीव येते. त्यातही जाती-पोटजाती, आणि प्रत्येकाला आपली सोडून बाकीच्या भ्रष्ट वाटतात. मित्र फोनवर म्हणाला, "विंडोज टाकून बघ तुझ्या समाधानासाठी. मग येशीलच." मला त्याचा तो आवाज आवडला नाही, म्हणून मी आधी विंडोजच घेतलं. माझं लिहिलेलं सगळं वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवलं आणि जेवण झाल्यावर बसलो.

मशीन सुरू होतानाचा पहिला पडदा कोणाचाच बोलत नाही, तिथे मित्रानं सांगितलेली बटणं अंदाजानं दाबायची. पुढे विंडोजचा पडदा आला की तीन बटणं एकदम दाबली, आणि ते बोललं. मी खूश झालो. मग त्यानं जे बोलायला सुरुवात केली! करारनाम्याची पानंच्या पानं, आणि ती मी ऐकली, सगळी. माझी खात्री आहे की रायपुरात तो करारनामा शेवटपर्यंत ऐकलेला मी एकटाच माणूस आहे. तुम्ही कुठे आहात ते आम्हाला कळलेलं चालेल का, तुम्ही काय टाइप करता ते बघितलेलं चालेल का, जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का. आपल्याच घराच्या दारात उभं राहून पाहुण्याला स्वतःची माहिती द्यायची. डोळस माणसं इथे नेक्स्ट म्हणतात, आणि नंतर विचारतात की या फोनला कसं कळतं मला चप्पल घ्यायची आहे.

मग मशीन एकदा आपोआप बंद होऊन सुरू झालं आणि मुकं झालं. तीन बटणं दाबली, काही नाही. पुन्हा दाबली. पंख्याचा आवाज येत होता, म्हणजे जिवंत होतं. पडद्यावर काहीतरी उभं होतं आणि माझ्या उत्तराची वाट पाहत होतं. चुकीचं दाबलं तर काय पुसलं जाईल, सांगता येत नाही. मी बायकोला हाक मारली.

"काय लिहिलंय बघ."

"काहीतरी लिहून आहे."

"काहीतरी काय?"

"लंबंचौडं आहे. खाली दोन डब्बे आहेत. येस म्हणू?"

"डब्ब्यांत काय लिहिलंय ते वाच आधी."

ती खुर्चीमागून पुढे वाकली. तिच्या बांगड्या टेबलाच्या कडेला लागल्या, तिचा श्वास मला पडद्याच्या अगदी जवळून ऐकू आला. बराच वेळ ती तशीच होती.

"एक निळा आहे," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचा साठलेला राग, भैयाचा, जावयाचा, त्या करारनाम्याचा, सगळा तिच्यावर निघाला. मी म्हणालो, "डोळे असलेल्या माणसांना वाचायचा इतका कंटाळा येतो तर देवानं ते दिले कशाला? चार ओळी वाचायला सांगितल्या तर रंग सांगतेस मला?"

"कंटाळा नाही जी," ती म्हणाली. "दिसून नाही राहिलं मले."

मला आधी वाटलं पडदाच बंद झाला.

तसं नव्हतं. शेजारणीबरोबर ती पावसाळ्यातच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगला पिकलेला. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. डोळ्यांत थेंब घालत राहायचं, चुलीपुढे जायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्यांवर ताण द्यायचा नाही. घरी येऊन ती गप्प बसली. मशीन मुकं व्हायचं तेव्हा लाइटचं बिल, दवाखान्याचा कागद, जे काही मी तिला वाचायला द्यायचो, ते ती फाटकापर्यंत नेऊन शेजारणीकडून वाचून घ्यायची आणि आत येऊन मला सांगायची. म्हणून त्यात इतकं गाळलेलं असायचं. जेवढं पाठ राहिलं तेवढं ती आणायची.

"मले सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"सांगून काय? तुमी म्हटलं असतं, जा, ऑपरेशन कर. मंग हे मशीन असं. घरात वाचणारं एक तरी पाहिजे ना."

दोघं एका पडद्यापुढे बसलो होतो आणि त्यावर काय लिहिलंय ते दोघांनाही माहीत नव्हतं. मला भीती वाटली. डोळे गेले तेव्हाही इतकी वाटली नव्हती, कारण तेव्हा ती होती. मी हात पुढे केला तर तिचा हात टेबलावरच होता. आम्ही बटण चाचपून मशीन बंद केलं. जगात कोट्यवधी माणसं त्या दोन डब्ब्यांतला एक बेधडक दाबतात आणि पुढे जातात, आम्हाला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. मित्रानं सांगितलं होतं, गप्प बसून ऐक. मी ऐकत बसलो. मशीननं एक बारीक शिटी दिली, मी मित्रानं सांगितलेलं एक अक्षर आणि एंटर दाबलं, आणि ते बोलायला लागलं. आवाज म्हणाल तर पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. पण काय बोललं ते ऐका. एक प्रश्न, त्याखाली उत्तरं, प्रत्येक उत्तराला नंबर. नंबर टाका, एंटर दाबा. भाषा कोणती, देश कोणता, नाव काय. ना निळा डब्बा, ना चित्र. जावयानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, ये तो पुराने ज़माने का है. असू दे. नवा जमाना मला दारातच मुका भेटला होता. सगळी डिस्क पुसू का, हेही त्यानं सरळ विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा पूर्ण ऐकून हो म्हणालो. पासवर्ड मी माझा टाकला. तो भैयाला माहीत नाही, जावयाला माहीत नाही, बायकोलाही नाही.

ती शेजारी तांदूळ निवडत बसली होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती, हे मला आता कळत होतं. अधूनमधून विचारायची, "काय म्हणून राहिलं?" आणि मी तिला सांगायचो, शब्द न् शब्द, काही न गाळता. तिला कंटाळा आला असेल.

दुपारी मशीन स्वतःहून बंद होऊन सुरू झालं. मी बोटं एफ आणि जे वर टेकवून बसलो. ते बोललं. माझं नाव घेतलं. पासवर्ड टाकला, मुलीचा मेल उघडला, त्यानं तो वाचला. त्याचं मराठी इतकं भयंकर आहे की ऐकणाऱ्याला वाटावं कोणी शिव्या देतंय. प्रिंटर त्याला अजून ओळखत नाही. आणि माझा मित्र फोनवर "सांगितलं नव्हतं?" म्हणाला, ते ऐकून मला पुन्हा विंडोज टाकावंसं वाटलं. पण मेल त्यानं पूर्ण वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. आई कधी निघतेय, असं शेवटी विचारलं होतं.

"झालं," मी म्हणालो. "आता हे बिघडलं तरी मीच बसवीन. तू उद्याची गाडी धर."

बायकोनं ताट खाली ठेवलं.

"उद्या नाही," ती म्हणाली. "आधी एक डोळा करून घेते, मंग जाते. अजून वेळ आहे तिले." मग म्हणाली, "आपल्या दोघातून एकाले तरी त्या लेकराचं तोंड दिसलं पाहिजे ना."